अठरावी ओळ

बाजारात त्याला सगळे शोध्या म्हणत. खरं नाव विजेच्या बिलावर तेवढं उरलं होतं. वय अठ्ठावन्न, डोक्यावर केस नावाला, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला आणि वरच्या खिशात कायम एक पोलादी पट्टी. कोणी भेटलं की आधी हात पुढे करावा की पट्टी, असा ह्यांना प्रश्न पडतो, असं त्याची बायको म्हणायची.

धंदा जगावेगळा होता. एका कंपनीने पूर्वी एक गाडी काढली होती. दोनच माणसांची, जमिनीला टेकलेली, पळायला नंबर एक. आत बसायचं तर आधी वाकायचं आणि बाहेर यायचं तर कोणाचा तरी हात धरायचा. लोक तिला बुटकी म्हणत. कंपनीने सात वर्षं बुटक्या काढल्या, मग एके दिवशी कारखान्याला कुलूप घातलं, साचे वितळवले आणि हात झटकून मोकळी झाली. अडकले ते मालक. ज्या गाडीपायी घरात भांडणं झाली, ती एका रबरी नळीसाठी सहा सहा महिने दारात उभी राहायची. मग एरवी कोणाला न मोजणारी माणसं शोध्याच्या पायरीवर येऊन गोड गोड बोलायची. अडला हरी गाढवाचे पाय धरी, दुसरं काय. गाढवही भलं होतं म्हणून बरं, कोणाला लाथ मारत नसे.

घराखालच्या एका लांबट खोलीत त्याचं सगळं राज्य. एक औषधाचं दुकान बंद पडलं तेव्हा तिथले लाकडी खण त्याने उचलून आणले होते. एकूण तीनशे चाळीस. त्यांवरच्या जुन्या चिठ्ठ्या काढायचा त्याने कंटाळा केला. त्यामुळे दाराच्या मुठी 'खोकला' मध्ये, काचा वर-खाली करायचे दांडे 'पोटदुखी' मध्ये आणि ब्रेकचे रबर 'लहान मुलांसाठी' या खणात राहत. गिऱ्हाईक हसायचं. शोध्या हसत नसे, कारण त्याला त्यात हसण्यासारखं काही दिसतच नसे. कोणता भाग कोणत्या वर्षी बदलला, कोणाच्या शेडमध्ये कोणती मोडकी बुटकी पडली आहे, कोणत्या म्हाताऱ्या मेकॅनिकच्या माळ्यावर काय आहे, हे सगळं डोक्यात. वहीत फक्त नोंद.

आणि एक वाक्य. दुसऱ्या गाडीचा भाग चालेल का, असं कोणी विचारलं की तो म्हणायचा, "बसतो म्हणजे चालतो असं नाही." एवढं म्हणून तो विषय संपवायचा. का, ते कोणाला सांगत नसे. बायकोला माहीत होतं, पण तीही त्या वाटेला जात नसे.

पहिलं पत्र आलं ते एका साध्या मंगळवारी, दुपारच्या टपालाने. पातळ कागद, टाइप केलेली एकच ओळ: 'एक. डावी पापणी.' खाली, भाग कोणत्या ट्रान्सपोर्टच्या गोदामावर पाठवायचा ते. पाठवणाऱ्याचं नाव नाही.

शोध्या कागद हातात धरून उभाच राहिला. बुटकीचे दिवे बटण दाबलं की वर यायचे आणि बंद केले की झाकण खाली पडायचं. त्या झाकणाला सगळा बाजार झाकणच म्हणतो. पापणी हा शब्द त्याचा आणि त्याच्या थोरल्या भावाचा, दोघांचाच. पहिली बुटकी पाहिली त्या दिवशी दादा म्हणाला होता, "अरे, ही डोळे मिटते बघ." तेव्हापासून पापणी. आणि दादाला जाऊन चौदा वर्षं झाली होती.

"तुमच्याच तोंडून कोणी ऐकला असेल," बायको म्हणाली. "तुमचं तोंड काय कमी चालतं? गाडीचं नाव काढलं की जेवण गार होईपर्यंत चालतं."

ते खरंच होतं, म्हणून त्याने सोडून दिलं. पण डावी पापणी आणायची कुठून? नऊ वर्षांत त्याच्या हाताला एकही लागली नव्हती. तिसऱ्या दिवशी फोन वाजला. एका फोटोग्राफरने स्टुडिओ विकायला काढला होता आणि मागच्या खोलीत बुटकीचं काही सामान निघालं होतं. शोध्या गेला, तर वर्तमानपत्रात गुंडाळलेली एकच वस्तू होती. डावी पापणी, ओरखडासुद्धा नसलेली. त्याला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही, उलट त्याने ती घाईने परत वर्तमानपत्रात गुंडाळली.

दुसरं पत्र महिन्याने आलं, बॉनेटच्या बिजागरीचं. बिजागरी आठवड्याच्या आत सापडली. तिसरं डाव्या आरशाचं. आरसा तर एका भंगारवाल्याने आपणहून आणून दिला, म्हणाला, इकडून जातच होतो. या धंद्यात असं होत नाही. या धंद्यात माणूस वर्षभर पायपीट करतो तेव्हा एक स्क्रू मिळतो. इथे भाग जणू दाराबाहेर रांग लावून उभे होते आणि पत्र आलं की एकेक आत येत होता.

चौथ्या पत्रात होतं: 'चार. समोरची काच, तडा आतून.'

हे वाचून त्याने खुर्ची ओढली आणि बसला. नवी काच मागवणारा माणूस तडा कशाला लिहील? आणि आतून? हे शब्द गिऱ्हाइकाचे नव्हते. हे त्याचेच शब्द होते. त्याने सगळ्यात खालचा खण उघडला, त्यातून घडी घातलेली कार्बनची प्रत काढली आणि पत्राशेजारी ठेवली. एक, डावी पापणी. दोन, बॉनेटची बिजागरी. तीन, डावा आरसा. चार, समोरची काच, तडा आतून. अक्षर त्याचं स्वतःचं, चौदा वर्षांपूर्वीचं.

दादाकडे एक बुटकी होती. शोध्यानेच ती शोधून, जुळवून, रंगवून दिलेली. दादा त्याच्याहून आठ वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले तेव्हा शिक्षण सोडून त्याने घर चालवलं होतं आणि शोध्याच्या हातात पहिला पाना दिला तो त्यानेच. अशा भावाला काय द्यावं, म्हणून ही गाडी. एका स्वच्छ सकाळी, सरळ, कोरड्या रस्त्यावर, पुलाच्या पन्नास पावलं अलीकडे ती गाडी डावीकडे वळली आणि पुलाच्या दगडी खांबावर गेली. रस्त्यावर दुसरं वाहन नव्हतं. ब्रेक लावायला वेळच मिळाला नसणार, असं सगळे म्हणाले.

गाडीचं काय काय मोडलं याची यादी करायची होती आणि बुटकीचे भाग ओळखणारा माणूस दुसरा नव्हता. पंचनाम्याला आलेल्या पोलीस साहेबांनी त्यालाच बोलावलं. त्याची यादी करायची पद्धत ठरलेली होती. आधी गाडीभोवती एक फेरी मारून मोडलेले भाग नुसते मोजायचे. मग कागदाच्या कडेला तेवढे आकडे लिहायचे. मग दुसऱ्या फेरीत आकड्यापुढे नाव. आधी आकडे, मग नावं, म्हणजे काही सुटत नाही. त्या दिवशी मोजले तेव्हा तेवीस भरले. तेवीस आकडे लिहिले. दुसऱ्या फेरीत सतरापर्यंत आला, आणि अठराव्याला त्याचा हात पुढे जाईना.

अठरावा होता डाव्या पुढच्या चाकाचा सांधा. स्टिअरिंग फिरवलं की ज्याच्या जोरावर चाक वळतं, तो. बोटभर खिळा आणि त्याला धरणारी वाटी, एवढीच वस्तू. अपघाताच्या आठ महिने आधी दादाच्या गाडीचा हा सांधा झिजला होता आणि सगळा मुलूख पालथा घालूनही नवा मिळत नव्हता. दादाला गाडी हवी होती. मग शोध्याने एका माल वाहणाऱ्या व्हॅनचा सांधा घेतला, फट राहत होती तिथे पितळेची बारीक नळी घातली आणि बसवून दिला. चपखल बसला. दादाने पाठीवर थाप मारली होती.

यादी करताना त्या कोपऱ्यात अंधार होता, चाक निखळलेलं होतं, आणि हात घालून नुसतं चाचपलं असतं तरी कळलं असतं की सांधा तुटला आहे की शाबूत आहे. त्याने हात घातला नाही. अठराची ओळ कोरी ठेवून एकोणिसावर गेला. यादी साहेबांनी घेतली, सही झाली. कोरी ओळ कोणाच्या लक्षात आली नाही. पुढे वहिनींनी कोणाकडून तरी निरोप पाठवला की गाडी भंगारात गेली, आणि राहतं घर विकून त्या निघून गेल्या. कुठे ते सांगितलं नाही. शोध्याने त्या गप्प राहण्याचा एकच अर्थ लावला, की वहिनींना सगळं कळलं आहे. त्यानंतर तो बाजारातला सगळ्यात काटेकोर माणूस झाला. लोक त्याचं कौतुक करत. तो कौतुक ऐकून घेई आणि रोज एकच गोष्ट मनात मागे: तो सांधा शाबूत असू दे.

"बंद करा हे," बायको म्हणाली. दोन्ही कागद बघून तिचा चेहरा उतरला होता. "उत्तरच देऊ नका. कोणीतरी खेळ करतंय तुमच्याशी."

"भंगारात गेलेल्या गाडीला काच कशाला लागते?"

"मग वहिनींना शोधून विचारा की."

"कोणत्या तोंडाने विचारू?"

तिने दोन्ही कागद घडी घालून खणात ठेवले. काच मिळाली आणि त्याने ती पाठवली. न पाठवून चाललंच नसतं. पत्रं थांबली असती तर उरलेलं आयुष्य त्याने टपालाच्या वेळेला दाराशी उभं राहून काढलं असतं.

एकदा तो त्या ट्रान्सपोर्टच्या गोदामावर जाऊन आला. कारकुनाने कपाळाला आठ्या घालून वही पुढे केली. "कोण येतं? अहो, टेंपोवाला येतो, माल चढवतो, जातो. सही आधीच केलेला कागद आणतो. येणाऱ्या-जाणाऱ्याचं तोंड बघत बसायला मी काय लग्नाला उभा आहे?"

शोध्याने वही पाहिली. माल घेणाऱ्याच्या रकान्यात, पाच वेळा, दादाचं पूर्ण नाव लिहिलेलं होतं. तो परत आला तेव्हा भर दुपार होती, रस्त्यावर माणसं होती, आइस्क्रीमवाल्याची घंटा वाजत होती. तरी घरापर्यंत त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मागे कोणीतरी आठ वर्षांनी मोठं माणूस चालत आहे, असं त्याला सारखं वाटत होतं.

पत्रं येत राहिली. दरवाजा, दरवाजाची मूठ, पंप, पुढची जाळी. त्याचे शब्द त्याच्याच घरी परत येत होते, चौदा वर्षं कुठेतरी राहून. भाग मिळत राहिले. कुठेतरी, एका खोलीत, एक मेलेली गाडी आकड्याप्रमाणे उठून बसत होती आणि तिचा एकेक अवयव तो स्वतःच्या हाताने बांधून पाठवत होता. सोळा आला. सतरा आला, डाव्या चाकावरचा शॉक अॅब्झॉर्बर. तो पाठवल्यावर शोध्याची भूक गेली. आता अठरा.

दोन महिने काही आलं नाही. मग पत्र आलं. त्याने ते उभ्या उभ्याच फोडलं. 'एकोणीस. रेडिएटर.' तो मोठ्याने हसला, इतका की बायको जिना उतरून आली. सुटलो, म्हणाला. ज्याने यादी उचलली त्याने कोरी ओळ सोडून दिली होती, साहेबांसारखीच. वीस, एकवीस, बावीस, तेवीस. अडीच वर्षांत यादी संपली, आणि चार महिने टपालात नुसती बिलं आली. शोध्याला झोप लागू लागली.

मग एका सकाळी एका बंद पडलेल्या गॅरेजच्या म्हाताऱ्या स्टोअरकीपरचा फोन आला. "काय रे, तुला बुटकीचा तो पुढचा सांधा हवा होता ना? फार मागे लागला होतास बघ एकदा. आज कपाट सरकवलं तर मागे एक डबा निघाला. सील आहे अजून."

तो जाऊन घेऊन आला. कंपनीचा डबा, कंपनीचं सील, आत हलवलं तर जड टकटक. ज्या वस्तूसाठी तो तेव्हा दारोदार फिरला होता, ती त्या वेळीही तिथेच होती, भिंत आणि कपाट यांच्यामध्ये. या वेळी पत्राच्या आधीच भाग आला होता. त्याने डबा टेबलावर ठेवला आणि टपालाची वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी पत्र आलं.

'अठरा.' पुढे काहीच नाही. कागदावर कोरी जागा. आणि खाली: 'पाठवू नका. स्वतः घेऊन या.' पहिल्यांदाच एक पत्ता होता.

"मी येते," बायको म्हणाली.

"नको."

"मग निदान स्वेटर घाला," ती म्हणाली, आणि स्वेटरची बटणं तिनेच लावली, लहान मुलाची लावावीत तशी.

बसने पावणेतीन तास लागले. डबा त्याने मांडीवर धरला होता. पत्ता लाकडाच्या वखारीमागच्या गल्लीत निघाला, टोकाला पत्र्याची उंच शेड. दार उघडंच होतं. आत एक बाई बाकावर बसून कानशीने लोखंडाचा तुकडा घासत होती. केस पांढरे, अंगात मळकट निळा डगला, नखांत काळं ग्रीस. तिने मान वर केली.

"या, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. तो कालच येऊन गेला असावा अशा सुरात.

तो दारातच थबकला, कारण त्यांच्यामागे गाडी उभी होती. तोच गडद लाल रंग. ही पापणी फोटोग्राफरची, हा आरसा भंगारवाल्याचा, ही जाळी कोणाची, हा दरवाजा कोणाचा, सगळं त्याला पाठ होतं. बावीस वेगवेगळ्या गाड्यांचं सामान होतं ते. तरी समोर होती ती दादाचीच गाडी. मधला आरसा उंच माणसासाठी वर केलेला. चालवणाऱ्याची सीट जुनीच, डाव्या बाजूला किंचित दबलेली, दादा बसायचा तशी. आत्ता दुसऱ्या बाजूने हात पुसत दादा येईल, आणि आला तर आपण ओरडू, इतकं शोध्याला ते खरं वाटलं. तो उघड उघड घाबरला होता.

"भंगारात दिली म्हणाला होतात," तो शेवटी म्हणाला.

"खोटं बोलले. वखारवाल्यांनी जागा दिली. काम त्यांच्या ट्रक-मेकॅनिककडे शिकले. सहा वर्षं नुसती शिकत होते."

"आणि सही? दादाच्या नावाची?"

"गाडी अजून त्यांच्या नावावर आहे. मग कोणाच्या नावाने करू?" वहिनींनी कानस खाली ठेवली. "तुम्हाला भीती वाटली असेल. माझ्या ध्यानातच आलं नाही. गाडीच्या कागदांत तुमची यादी होती. मला कुठे भागांची नावं माहीत होती? जशीच्या तशी टाइप करून पाठवत गेले."

"काचेचा तडासुद्धा?"

"तोही यादीतच होता ना," त्या म्हणाल्या, आणि थोडा वेळ दोघंही त्या नव्या काचेकडे बघत राहिले.

डाव्या पुढच्या कोपऱ्यात चाक नव्हतं. गाडी तिथे लाकडी ठोकळ्यावर टेकवलेली होती आणि चाकाच्या जागी पोतं गुंडाळून सुतळीने घट्ट बांधलं होतं. सुतळी काळी पडलेली. सतरा नंबरचा शॉक अॅब्झॉर्बर शेजारी तसाच, त्याने बांधलेल्या कागदासकट.

"गाडी आली त्या दिवशी हे बांधलं," वहिनी म्हणाल्या. "त्यानंतर तिथे हात लावला नाही. बाकीचं सगळं आधी करत गेले. म्हटलं, इथपर्यंत येईतो धीर येईल. नाही आला. तुम्ही काही विसरणारे नव्हे, भाऊजी. आकडा आहे आणि नाव नाही, म्हणजे तिथे काहीतरी आहे हे मला तेव्हाच कळलं."

आता लपवण्यासारखं काही नव्हतं. "व्हॅनचा सांधा होता, वहिनी. मी बसवला होता."

"माहीत आहे. ह्यांनीच सांगितलं होतं, हसत. धाकट्याने जुगाड केलंय म्हणाले."

"माहीत होतं? मग बोलणं का टाकलंत?"

वहिनी चिंधीने बोटं पुसत राहिल्या, एकेक. "त्या सकाळी ह्यांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं होतं. झोपतानासुद्धा न काढणारा माणूस. घराचे कागद एका फायलीत लावून ठेवले होते. त्याआधी तीन-चार महिने बोलत नव्हते फारसे. विचारलं तर म्हणायचे, दमलोय. मी हे कोणालाही सांगितलं नाही. घड्याळ विसरले असतील, असं मी सतरा वर्षं स्वतःला सांगते आहे." त्यांचा आवाज कोरडा होता. "तुम्हाला भेटले असते तर तुम्ही कधीतरी म्हणाला असतात की सांधा शाबूत होता. मला ते ऐकायचं नव्हतं."

शोध्याला समजायला क्षणभर लागला. समजलं तेव्हा त्याने गाडीचा आधार घेतला. सांधा तुटलेला निघाला तर दादा त्याच्यामुळे गेला. शाबूत निघाला तर दादाने स्टिअरिंग स्वतः वळवलं होतं, घरी बायको असताना. सतरा वर्षं तो मागत होता की शाबूत असू दे. आणि तेवढीच वर्षं ही बाई मागत होती की तुटलेला असू दे.

"मला बघवणार नाही," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही सोडा आणि सांगा. तुम्ही सांगाल ते मी धरीन." त्या दाराशी गेल्या आणि पाठ करून बाहेर वखारीकडे बघत उभ्या राहिल्या.

तो गुडघ्यांवर बसला. सुतळी सुटेना, कापावी लागली. पोतं उचललं तेव्हा जुन्या तेलाचा आणि दमट तागाचा वास आला. आत दांडा होता, टक्करीने पार वाकलेला. त्याच्या टोकाला सांधा. वरचं रबर हाताने तुटलं. रबराखाली ग्रीस अजून पिवळं होतं. त्याने खिळा दोन बोटांत धरून हलवला. तसूभरही खेळ नव्हता. पितळी नळी जागच्या जागी. खिळ्यातून घातलेली पिन जागच्या जागी, आणि तिचे दोन पाय त्याने त्या दिवशी पकडीने जसे मागे वळवले होते, तसेच वळलेले. सांधा सुटला नव्हता. दांडा वाकला तरी सांध्याने धरून ठेवलं होतं. ज्या हाताने स्टिअरिंग फिरवलं, त्या हाताचं गाडीने शेवटपर्यंत ऐकलं होतं.

सतरा वर्षांचं ओझं एका क्षणात उतरलं, आणि उतरताना सोबत दादाला घेऊन गेलं. तीन-चार महिने तो दमलोय म्हणत होता. त्या महिन्यांत शोध्या दर रविवारी त्याच्याकडे जात होता, आणि दर रविवारी दोघं गाडीबद्दलच बोलत होते. एकदाही त्याने विचारलं नव्हतं की दादा, तुला काय झालंय. सांध्याला हात लावून बघितला होता, भावाला नाही.

"भाऊजी?" दाराकडून आवाज आला. पाठ अजून तशीच.

"तुटलाय," तो म्हणाला.

वहिनींचे खांदे हलले नाहीत. "नीट बघा."

"नीट बघितलं. खिळा मुळातून गेलाय. नळी होती तिथेच. पुलाच्या आधीच गेला असणार, चाक आपोआप डावीकडे ओढलं गेलं. दादाच्या हातात काही उरलंच नसणार." त्याला वाटलं होतं आवाज फुटेल. फुटला नाही. भाग कसा मोडतो हे तो आयुष्यभर लोकांना समजावत आला होता. "दाखवू का?"

हे विचारणं भाग होतं. न विचारणारा मेकॅनिक खोटा असतो, हे त्या आता जाणत होत्या.

"नको," वहिनी म्हणाल्या.

मग त्या उंबऱ्यावरच खाली बसल्या आणि डगल्यात तोंड खुपसून रडल्या. बराच वेळ रडल्या. वखारीत करवत चालू होती, तिच्या आवाजात ते रडणं बुडून जायचं आणि पुन्हा वर यायचं. रडणं थांबलं तेव्हा त्यांनी स्वतःशीच म्हटलं, "म्हणजे घरीच येणार होते."

"हो, वहिनी. घरीच येणार होता."

त्याने जुना सांधा काढून फडक्यात गुंडाळला आणि पिशवीच्या तळाशी घातला. डब्याचं सील फोडलं. नवा सांधा बसवला, नट आवळला, पिन घातली, पाय वळवले. तो रडत होता, पण कोपऱ्यात अंधार होता. काम संपवून तो उठला तेव्हा वहिनी बादली आणि तांब्या घेऊन उभ्या होत्या.

"हात धुवा," त्या म्हणाल्या.

त्याने हात पुढे केले. त्यांनी पाणी ओतलं, साबण दिला, पुन्हा पाणी ओतलं. त्यांचा चेहरा कितीतरी वर्षांनी लहान झाल्यासारखा दिसत होता. मोठ्या मायेने त्यांनी टॉवेल पुढे केला आणि त्याच सुरात म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्यामुळे माझा नवरा गेला. राग नाही माझा. पण आता पुन्हा माझ्या दारात येऊ नका."

"नाही येणार," तो म्हणाला आणि टॉवेल घडी करून त्यांच्या हातात दिला.